एप्रिलातली ओवाळणी

"ताम्हनात काहीच नाही टाकलंस," निरांजन तसंच हातात धरून मी म्हटलं.

"टाकणारच नाहीये," दादा पाटावरून म्हणाला. कपाळावरचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलं होतं आणि तो गालातल्या गालात हसत होता. "यंदाची ओवाळणी एप्रिलात. थेटरात मिळेल."

"थेटरात?"

"पिक्चर लागला की."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, भाऊबीजेला ताम्हन रिकामं ठेवू नये. सुपारी तरी टाक." दादानं ताटातली सुपारी उचलून ताम्हनात टाकली, मला वाकून नमस्कार केल्याचं नाटक केलं आणि फराळावर तुटून पडला. अण्णा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते आणि त्यांनाही हसू आवरत नव्हतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझी ओवाळणी काय ते त्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

आदल्या दिवशी, पाडव्याला, दादानं अण्णांना खोलीत नेऊन दार लावून घेतलं होतं. लॅपटॉप उघडून काहीतरी दाखवलं होतं. मी दाराला कान लावला तर अण्णांचा आवाज आला, "हे सगळं तू रंगवलंस? ह्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा?" आणि मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले.

मला काय राग आला म्हणून सांगू! अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. टिंबो हा कुत्रा आहे की माणूस, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि मी? टिंबोच्या सिनेमाची वाट बघणाऱ्या अकरा हजार लोकांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपात मी पहिल्या पन्नासात होते. ट्रेलर मी थांबवून थांबवून, एकेक चित्र करत बघितला होता. टिंबोच्या कंदिलाचा रंग जुन्या गेममध्ये पिवळा होता आणि ट्रेलरमध्ये नारिंगी का, यावर मी दोन दिवस लोकांशी भांडले होते. आणि ज्या पुण्याच्या स्टुडिओत परदेशी कंपनीनं त्या सिनेमाचं थोडं काम दिलं होतं, तिथं माझा सख्खा भाऊ नोकरीला होता आणि मला एक अक्षर सांगत नव्हता.

"सही केलीय मी कागदावर," तो म्हणायचा. "बाहेर बोललो तर नोकरी जाते. शेवटी नावं येतात ना पडद्यावर, त्यात माझं येणार आहे. तेवढं होऊ दे."

त्या नावाची खरी वाट बघत होते अण्णा. दादा बारावीनंतर इंजिनिअरिंग सोडून चित्रं काढायला पुण्याला गेला, तेव्हा अण्णा त्याच्याशी वर्षभर धड बोलले नव्हते. कुणी विचारलं तर 'कॉम्प्युटरचं करतोय काहीतरी' म्हणून विषय बदलायचे. मग नाव येणार असं कळलं आणि माणूसच बदलला. रिटायर व्हायला दोन वर्षं होती आणि सगळ्या वर्कशॉपला सांगून झालं होतं की हर्षद ढवळे हे नाव इंग्रजीत पडद्यावर येणार. लांबचं नीट दिसावं म्हणून नवा चष्माही करून घेतला होता.

टिंबो आमच्या घरात आला तो मिरजेच्या स्टेशन रोडवरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून. दुकान म्हणजे एक बोळ, त्यात चार मशिनं. दादा आठवीत, मी तिसरीत. मुली तिथं येत नसत. मी दादाचं दप्तर सांभाळत त्याच्या कोपराशी उभी राहायचे. टिंबो हा कंदील घेऊन विहिरीत उतरणारा एक बुटका माणूस. विहीर संपत नाही. जितकं खोल जाल तितके गुण. सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला मशीन तीन अक्षरं लिहू द्यायचं, आणि ती यादीत सगळ्यात वर झळकायची.

दादा पहिला आला की माझी अक्षरं लिहायचा. एम, आर, यू. मृणालमधली पहिली तीन. पुढं इंटरनेटवरच्या ग्रुपातही मी हेच नाव घेतलं.

"तुझं का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"मी काय, उद्या परत येईन. तू कुठं खेळणारेस?"

पण मिरजेत वीज जायची. वीज गेली की मशीन सगळं विसरायचं. परत आली की यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव दिसायचं, ए-ए-ए. कुणीच नाव टाकलेलं नसलं की मशीन आपलं आपण तेच लिहितं. मग दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचा, पुन्हा विहिरीत उतरायचा आणि माझी अक्षरं पुन्हा वर चढवायचा. हे किती वेळा झालं, मोजलेलं नाही.

तर भाऊबीजेच्या दुपारी दादा मित्राकडे गेला. लॅपटॉप टेबलावर राहिला. पासवर्ड मला ओळखायला वेळ लागला नाही. त्याचा टिंबोमधला सगळ्यात मोठा आकडा, अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. त्या घरात तो आकडा दोघांनाच पाठ होता.

चित्र समोरच होतं. एक जुनं, बंद पडलेलं दुकान, भिंतीचे पोपडे, मागं अंधारात एक मशीन आणि पुढं, डाव्या कोपऱ्यात, कंदील घेतलेला टिंबो. संपूर्ण टिंबो. ट्रेलरमध्ये त्याची नुसती सावली दाखवली होती. मी मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. चित्राच्या खालच्या पट्टीत स्टुडिओचं नाव आणि दादाचा कामावरचा नंबर होता, ती पट्टी मी फोटोतून कापून टाकली. चोरी करायची अक्कल मला होती. त्यानंतरची नव्हती.

फोटो मी कुणाला दाखवणार नव्हते. खरंच नव्हते. दोन आठवडे तो नुसता माझ्यापाशी होता.

आमच्या ग्रुपात एक रिवाज होता. कुणी नवी बातमी सांगितली की लोक म्हणायचे, पुरावा दे. पुरावा नाही दिला तर महिनाभर त्याच्या नावापुढं 'फेकू' असा शिक्का बसायचा. एका दुपारी भोपाळच्या एका पोरानं लिहिलं की सिनेमात टिंबोला दाढी नसणार. मला राहवलं नाही. मी लिहिलं, आहे, मी बघितलाय.

"पुरावा दे."

मी काही टाकलं नाही. दहा मिनिटांत माझ्या नावापुढं फेकू आलं. चार वर्षं मी त्या ग्रुपात होते. कॉलेजात माझ्याशी कुणी दोन वाक्यं बोलत नसे, आणि तिथं लोक माझं मत विचारायचे. तो शिक्का मला सहन झाला नाही. मी फोटो टाकला.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. लोक वेडे झाले. मग कुणीतरी त्या फोटोचा उजेड वाढवला, कारण आमच्यात असं काही आलं की उजेड वाढवून कोपरा न् कोपरा बघायची पद्धतच होती. मागच्या अंधारातलं मशीन उजळलं. मशीनवरची गुणांची यादी वाचता आली.

भोपाळच्या पोरानं लिहिलं, "यादीत पहिलं नाव बघा. एमआरयू. आणि हा फोटो टाकणारी कोण? एमआरयू. बाईंनी घरी बसून स्वतःचं नाव घातलंय. फेकू नंबर एक!"

मी फोटो मोठा करून बघितला. दोन आठवडे जवळ होता आणि मी नुसता टिंबोच बघत बसले होते. मागच्या मशीनवर, सगळ्यात वर, हिरव्या अक्षरांत, एम आर यू.

एप्रिलातली ओवाळणी.

आणि समोर लोक हसत होते. शेकडो लोक. बनावट, खोटारडी, बघा बघा, स्वतःचं नाव. तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले असते तरी चाललं असतं. मी काय केलं, तर लिहिलं:

"बनावट नाहीये. ती अक्षरं माझ्या भावानं टाकलीत. ही भिंत त्यानंच रंगवलीय. तो तिथं काम करतो."

संध्याकाळी भीती वाटून सगळं पुसून टाकलं. पण तोवर फोटो आणि माझं वाक्य, दोन्ही कुठल्या कुठं पोचलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी दादा घरी आला. खांद्यावर बॅग, हातात गादीची वळकटी. वळकटी बघून मला कळलं.

"आलास होय? असा मधेच?" आई म्हणाली.

"काम संपलं," दादा म्हणाला. "पिक्चरचं काम संपलं की माणसं कमी करतात. असंच असतं तिथं."

"आणि नाव?" अण्णांनी विचारलं.

"नावाचं काय, ते एप्रिलात," दादा म्हणाला आणि पाय धुवायला मोरीत गेला.

मी गच्चीवर वाळवणाच्या दोरीपाशी उभी होते. तो थोड्या वेळानं वर आला. ओरडेल, एक ठेवून देईल असं वाटत होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

"तू टाकलास?"

"हो."

"का?"

"ते म्हणाले, मी खोटं बोलतेय."

"कोण ते?"

"ग्रुपवरचे."

"ओळखतेस त्यांना?"

"नाही."

तो वळून खालच्या रस्त्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तिथं मी सांगितलंय, फोटो मीच पाठवला तुला. तू न विचारता घेतलास असं म्हटलं असतं तर चोरीची केस केली असती त्यांनी. तुला बोलावलं असतं. तेव्हा तू आता कुणाला काही बोलू नकोस."

"आणि नाव, दादा?"

"काढलं."

"अण्णांना सांगूया."

"नको. एप्रिल यायला वेळ आहे. विसरतील ते."

एवढंच बोलला. त्यानंतर पाच महिने आम्ही एका घरात राहिलो, एका पातेल्यातली आमटी जेवलो, पण तो माझ्याकडे बघून बोलला नाही. 'मीठ दे' म्हणायचा तेही ताटाकडे बघून. पुण्यातल्या दोन-तीन ठिकाणी त्यानं अर्ज केले. त्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, कुठून उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत तो सांगलीत एका फ्लेक्सच्या दुकानात लागला. वाढदिवसाचे फलक करायचा. मधे ज्याचा वाढदिवस त्याचा मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांची पन्नास नावं. दिवसभर लोकांची नावं लिहायचा माझा भाऊ.

मी ग्रुप सोडला. जाताना कुणी विचारलंही नाही.

आणि अण्णा विसरले नाहीत. सिनेमा लागायच्या आठवडाभर आधीच त्यांनी मला पेपरातली जाहिरात कापून ठेवायला सांगितली.

"शुक्रवारी बाराचा खेळ. सांगलीला. सगळे जाऊ."

"मी नाही येत," दादा म्हणाला. "मी बघितलाय तो. तुकड्या-तुकड्यानं."

"मग मी थांबते ह्याच्यापाशी," आई म्हणाली. तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक. आम्ही निघालो तेव्हा दादा दारात आला आणि चपलांकडे बघत म्हणाला, "जेवायला थांबतो. या लवकर."

मी आणि अण्णा गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. थेटर अर्धं रिकामं, बहुतेक आया आणि लहान पोरं. ज्या सिनेमासाठी मी चार वर्षं दिवस मोजले, तो समोर चालला होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच आठवतं की टिंबो आणि त्याच्या मशीनमधले सगळे खेळाडूंची वाट बघत बसलेले असतात आणि दुकान कधीच बंद पडलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मध्यंतरानंतर ते दुकान आलं. पोपडे आले. अण्णांनी माझं मनगट गच्च धरलं.

"बघ आता," ते कानाशी कुजबुजले. "मागं बघ, मशीनवर. वरचं नाव बघ. मला त्यानं दिवाळीतच दाखवलं होतं. बोलायचं नाही म्हणाला होता. पाच महिने पोटात ठेवलंय मी."

टिंबोनं कंदील वर केला. मशीनवर उजेड पडला. यादी लख्ख दिसली.

ए-ए-ए. खाली ए-ए-ए. त्याच्या खालीही तेच.

दोन सेकंदांत चित्र गेलं. मनगटावरचा हात तसाच होता, फक्त त्यातला जोर गेला. पुढचा सगळा सिनेमा अण्णा समोर बघत बसले.

सिनेमा संपला, दिवे लागले, पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत दाराकडे पळाली. पडद्यावर नावं सुरू झाली. अण्णा उठले. मला वाटलं निघाले. ते पायऱ्या उतरून थेट पडद्याजवळ गेले आणि मान वर करून उभे राहिले. अण्णांना इंग्रजी सावकाश वाचता यायचं. गाडीचे नंबर, सुट्या भागांची नावं, एवढ्याचीच सवय. नावं त्यांच्यापेक्षा जोरात वर चालली होती. एक नाव पुरं वाचेपर्यंत वीस निघून जायची. ते ओठ हलवत होते, बोट हवेत धरून ओळ पकडायला बघत होते. झाडूवाल्या बाई खाली पडलेले लाह्यांचे पुडे गोळा करता करता थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. पुण्याच्या त्या स्टुडिओचं नाव आलं. खाली चाळीसेक नावं. सगळी वाचली. मला भरभर वाचता येतं.

पडदा काळा झाला.

"लई जोरात गेली गं," अण्णा म्हणाले. "तुला गावलं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तोंडावर आलं होतं. पण पाच महिने मी त्या माणसाला रोज वाट बघताना पाहिलं होतं.

"नाहीये त्यात, अण्णा," मी म्हटलं. "माझ्यामुळं नाहीये."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवून मी त्यांना सगळं सांगितलं. पासवर्ड, फोटो, फेकू, ते वाक्य, दादानं स्वतःवर घेतलेला आळ. इंटरनेटवरचा ग्रुप म्हणजे काय ते त्यांना कितपत कळलं माहीत नाही. मी रडत होते. ते रडले नाहीत, रागावलेही नाहीत. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे तो काम संपलं म्हणाला ते..."

"खोटं होतं."

"माझ्यासाठी."

"हो."

त्यांनी नवा चष्मा काढून डबीत ठेवला. एसटीनं आम्ही मिरजेला आलो. घराच्या कोपऱ्यावर ते थांबले. "तू काही बोलू नकोस. मी बोलतो."

तीन वाजून गेले होते. दादा खरंच जेवायचा थांबला होता. आईनं पानं घेतली. अण्णा हातपाय धुऊन पानावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आलं रे नाव."

दादाचा हात थांबला.

"चांगलं मोठ्या अक्षरात होतं. हर्षद ढवळे. मी पडद्याजवळ जाऊन वाचलं. थेटरातली बाई पण बघत होती." अण्णांचा आवाज जराही हलला नाही. "उद्या वर्कशॉपात पेढे नेतो."

आईनं पदर डोळ्यांना लावला. तिला ते खरंच वाटलं. दादा अण्णांकडे बघत राहिला. नाव तिथं नाही हे त्याला ठाऊक होतं. अण्णांना ते ठाऊक झालंय, हे त्याला त्या क्षणी कळलं. दोघंही खाली बघून जेवायला लागले. बापलेकांमध्ये त्या विषयावर त्यानंतर कधी शब्द झाला नाही. अण्णा जाईपर्यंत नाही. पेढे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी खरोखर नेले.

मी आमटीचं पातेलं घेऊन उठले. दादाच्या पानाशी वाकले तेव्हा त्यानं मान वर केली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आणि तुझी ओवाळणी?" त्यानं विचारलं. "मिळाली?"

तो टोमणा होता की माफी, ते मला तेव्हा कळलं नाही. आता या गोष्टीला कितीतरी भाऊबीजा झाल्या. दर वर्षी मी ओवाळते, दर वर्षी तो ताम्हनात पाकीट टाकतो आणि लगेच उठतो. विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

"मिळाली," मी म्हटलं आणि त्याच्या वाटीत आमटी वाढली.